रूपाच्या बाबांचं नाव

साळूबाई खरात वाळूजच्या एका कंपनीत प्लास्टिकच्या पार्टची कडा साफ करायची. साच्यातून निघालेल्या पार्टला कडेनं पापुद्रा राहतो. तो ब्लेडनं एका ओढीत काढावा लागतो. दुसरी ओढ घेतली की चरा पडतो आणि माल परत येतो. ठेकेदार बदलले, साहेब बदलले, साळूबाईच्या हातचा माल परत आला नाही. असा हात असलेली बाई मोबाइलच्या काचेला बोट लावायचं म्हटलं की घामेजायची.

मोबाइल जावयाचा जुना होता. तो तिला घ्यावाच लागला, कारण वर्गात सगळ्यांनी घेतला होता.

बजाजनगरच्या विहारात सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. शिकवायला पुंडलिकनगरहून मनस्विनी मॅडम स्कूटीवर यायच्या. कॉलेजातली नोकरी सांभाळून त्या हे करायच्या. असाच एक वर्ग त्या शहरापलीकडच्या करमाडलाही घ्यायच्या. दोन्ही वर्गांचा त्यांनी एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता.

"गावात तुमच्या मागं अख्खी वस्ती उभी असायची," त्या म्हणाल्या. "इथं भिंतीपलीकडं कोण राहतं हेसुद्धा माहीत नसतं. ग्रुपवर रोज एक ओळ लिहा. स्वतःच्या हातानं. नुसतं आलेलं पुढं ढकलायचं नाही. तुम्ही लिहिलं तर समोरच्याला तुम्ही कोण ते कळेल."

माणसं लिहू लागली. वाकडंतिकडं, काना-मात्रा सोडून, पण लिहू लागली. पावसाचं दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. शेजारची मनकर्णाबाई लिहायची, 'टाकर वळला पिप लावा'. करमाडजवळ हायवेवर बन्सीचं पंक्चरचं दुकान होतं. जवळच्या शेंद्र्याच्या कुठल्या कंपनीत हेल्पर पाहिजेत ते तो लिहायचा. त्याच्या एका ओळीवर मनकर्णाबाईच्या सुनेला कँटीनमध्ये काम लागलं. बन्सीला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

साळूबाई सगळं वाचायची. एकेक अक्षर जोडून, ओठ हलवून. लिहायची मात्र नाही. वहीतलं चुकलेलं खोडता येतं. इथं बोट लागलं की गेलं, आणि कुठं गेलं ते दिसतही नाही. याची तिला भीती वाटायची.

एकदा मॅडमनी घरातल्या माणसांची नावं लिहायला सांगितली. साळूबाईनं लेकीचं लिहिलं, रूपा. सासूचं लिहिलं. गावाकडं सोडून दिलेल्या शेळीचंही लिहिलं. धोंडिबा तिच्या मागं बसायचा. तो एका गोदामावर वॉचमन होता. त्यानं मान लांबवून पाहिलं.

"काय वहिनी, शेळीला नाव हाय आन् मालकाला नाय व्हय?"

वर्ग हसला.

"रूपाचे बाबा म्हणलं की समद्या गावाला कळतंय," साळूबाई म्हणाली.

"गावाला कळतंय. मॅडमला कसं कळावं?"

"मॅडमला काय करायचंय?"

मॅडमनी विषय तिथंच सोडला. मनकर्णाबाईनं मात्र घरी जाताना तिला कोपर मारलं. "मी बी नाय घेत गं माझ्याचं. पण माझा तं मेला. आता घेतलं काय, न घेतलं काय!"

साळूबाईला हसू आलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिली गोष्ट हीच सांगितली होती. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कापलं जातं. विहारातले भन्ते हे सगळं खोटं म्हणायचे. मॅडमही म्हणायच्या. साळूबाईलाही ते पटायचं. पण नाव जिभेवर आलं की जीभ आपोआप मागं सरकायची. पटणं वेगळं आणि जोखीम घेणं वेगळं. माणूस एकच होता.

रूपाच्या बाबांनी शहरातल्या इमारतींना सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या होत्या. जालना रोडला जे मजले उभे राहिले, त्यांतले कितीतरी आधी त्यांच्या फळ्यांवर उभे होते. मग लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, तोंड वाकडं राहिलं. बोलायला गेले की शब्द चघळल्यासारखा बाहेर यायचा. तो साळूबाईला कळायचा, रूपाला कळायचा. दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून ते फारसं बोलत नसत.

उन्हाळा सरता सरता ग्रुपवर धोंडिबानं एक मोठा मजकूर टाकला. त्यानं स्वतः लिहिलेला नव्हता. कुठूनसा आला होता आणि त्यानं पुढं ढकलला होता. पोरं पळवणारी टोळी फिरतेय. म्हाताऱ्याचं सोंग घेतात. हातात पिशवी असते. पाणी मागतात, मुके असल्याचं दाखवतात. सावध राहा, सगळ्यांना पाठवा.

मॅडमनी खाली लिहिलं, 'हे खोटं आहे. असलं इथं टाकू नका.' पण तोवर साळूबाईनं तो मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढला होता. एवढं मोठं तिनं पहिल्यांदाच एकटीनं वाचलं होतं. रूपा करमाडला नुकतीच बाळंत झाली होती. साळूबाईनं मनकर्णाबाईकडून बाणाची खूण कुठं असते ते विचारून घेतलं आणि मजकूर रूपाला पाठवला. तिनं मोबाइलवरून कुणाला काही पाठवायची ही पहिलीच वेळ. रूपाचं उत्तर आलं, 'आई तू पाठवलं? आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर बी टाकलं'. साळूबाईला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

बाळासाठी तिनं दुपटं शिवलं. तीन जुन्या लुगड्यांचे थर. टाका असा घातला की बोटाला गाठ लागू नये. कडेला स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा हिरवा काठ लावला. दोन टोपडी आणि झबली केली. सुट्टीच्या दिवशी सकाळी रूपाचे बाबा ते सगळं गोणपाटाच्या पिशवीत घालून निघाले. करमाडला ते एकटे जायचे. बस ठरलेली, उतरायची जागा ठरलेली.

दुपारी रूपाचा फोन आला. "आई, बाबा निघाले नाय का अजून?"

"कवाच निघाले."

"मंग इथं नाय पोचले."

"येतील. बसला गर्दी आसंल." साळूबाईनं फोन ठेवला. जालना रोडचं रुंदीकरण चाललं होतं. जुने थांबे उचलून कुठंही ठेवले होते. जिथं ज्वारी उभी असायची तिथं एकसारख्या रंगाच्या कॉलन्या झाल्या होत्या. खूण धरावी असं झाड राहिलं नव्हतं. चुकून अलीकडंच उतरले असतील. विचारणार कसे? विचारलं तर कळणार कुणाला?

ती मनकर्णाबाईकडं गेली. मनकर्णाबाई भाकरी थापत होती.

"रूपाचे बाबा पोचले नाय."

"बसले आसतील कुठं सावलीला. बस तू बी."

तेवढ्यात दोघींचे मोबाइल एकदम वाजले.

ग्रुपवर धोंडिबानं फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'शेद्रयाजवळ पोर पळवनारा पकडला'. कुणीतरी त्याला पाठवला आणि त्यानं इकडं ढकलला. फोटोत जमिनीवर बसलेला एक माणूस होता. डोकं दोन्ही हातांत धरलेलं, तोंड दिसत नव्हतं. भोवती पायच पाय. चपला, बूट, एक काठी. पुढ्यात पिशवी उलटी केलेली, टोपडी आणि झबली धुळीत पसरलेली.

आणि हिरवा काठ.

साळूबाईनं खाली बसून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मनकर्णाबाईनं तिच्या हातातला मोबाइल घेतला, पाहिला, पिठाच्या हातानंच परत दिला. तिला कळलं नव्हतं. "मेलं कुणाचं बाळ उचलून आणलं गं यानं..."

"माझं हाय ते दुपटं," साळूबाई म्हणाली. तिनं फोटोतल्या काठाकडं बोट दाखवलं. पुन्हा म्हणाली, "मी शिवलंय."

मनकर्णाबाईनं तवा खाली उतरवला. "धोंडिबाला फोन लाव."

धोंडिबा उचलेना. मॅडमचा फोन लागेना. जावई कंपनीत, त्याचा मोबाइल गेटवर जमा. रूपाला सांगावं तर ती ओली बाळंतीण. ऐकलं की बाळ काखेत घेऊन त्या गर्दीत घुसणार. पोरं पळवणाऱ्याजवळ रडतं बाळ! नाही, रूपाला सांगायचं नाही.

"लिही," मनकर्णाबाई म्हणाली. "ग्रुपवर करमाडचे लई जण हायेत. लिही पटकन."

"तू लिही."

"मला टाकर लिहाया तेवढं येतंय बाई. तू वर्गात पुढं हायेस. लिही!"

साळूबाईनं बोट पदराला पुसलं. आयुष्यातली ग्रुपवरची पहिली ओळ तिनं लिहिली. 'ते रूपाचे बाबा आहेत मारू नका'. बोट लावलं. गेली.

लगेच खाली ओळी येऊ लागल्या. कोण रूपा? कुठल्या रूपाचे? ताई तुम्ही कोण? फोटोतला का? कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कुणी लिहिलं, 'पोलीसाला कळवा'. हा नंबर तिचा हे ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं, कारण आजवर तिनं एक ओळ लिहिली नव्हती. गावात हाकेसरशी माणसं धावली असती, आधी धावली असती आणि मग कोण म्हणून विचारलं असतं. इथं आधी विचारत होते. त्यांचाही दोष नव्हता.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मावशी, मी बन्सी, करमाडच्या वर्गातला, पंक्चरवाला. तुमचं वाचलं. माझ्या दुकानापासून जवळच हाय, आलोय मी तिथं." मागं गलका होता. कुणीतरी ओरडत होतं, 'बोलता नहीं साला, नाटक करता है!' "मावशी, हे ऐकत नायत. मी म्हणलं वळखीचे हायेत, तर म्हणतात नाव सांग. मला कुठं माहितीय! लवकर सांगा."

"त्यांना बोलता येत नाय धड. लकवा मारलाय."

"ते सांगितलं. म्हणतात समदे असंच सांगतात. नाव सांगा, मावशी."

साळूबाईनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेली मनकर्णाबाई, तिलाही माहीत नव्हतं. ती त्यांना भाऊ म्हणायची. नुसतं भाऊ.

"मावशी!"

साळूबाईनं तोंड उघडलं. नाव होतं, अगदी दातांच्या मागं होतं. पण आज? तिकडं काठ्या उगारलेल्या असताना, आजच्या दिवशी त्यांचं आयुष्य कापायचं? फोनमधून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग एक ओरडणं आलं, चघळलेलं, अर्धवट. ते कुणाचं हे तिला सांगावं लागलं नाही.

तिनं फोन बंद केला.

"अगं काय केलंस!" मनकर्णाबाई किंचाळली.

जीभ नाही तर नाही. हात होता. ब्लेड धरायची तसं तिनं बोट घट्ट केलं, मनगट गुडघ्यावर टेकवलं. एका ओढीत करायचं. स. काना. अनुस्वार कुठल्या कोपऱ्यात असतो ते आठवेना. डोळ्यांपुढं अक्षरं पोहत होती. सापडला. ड. खाली ऊकार, मोठा. मग वडलांचं नाव, आडनाव, गाव. बन्सीचा फोन पुन्हा वाजायला लागला आणि अक्षरांवर चढून बसला. तिनं तो लाल खुणेवर दाबून काढला. अक्षरं खाली तशीच होती. मनकर्णाबाई डोक्यावर हात मारत होती. साळूबाईनं शेवटचं अक्षर दाबलं आणि बाण दाबला.

'सांडू रंगनाथ खरात. माझे मालक. मी साळूबाई बजाजनगर वर्ग. दुपटं मी शिवलं. नातवाचं आहे.'

मग मनकर्णाबाईनं स्वतःचा मोबाइल ओढला आणि पिठाच्या बोटांनी लिहिलं, 'खर आहे माझे शेजारी'. मग एक ओळ, मग दुसरी. 'साळूबाई आमच्या वर्गात आहे.' 'कडा साफ करते आमच्या लाइनला, मी वळखतो.' 'खरात आमच्या शेजारच्या गावचे, रंगनाथ खरातांना माझे वडील ओळखायचे.' ही शेवटची ओळ करमाडच्या एका म्हातारीनं लिहिली होती. साळूबाईनं तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं. शेवटी मॅडमचं आलं. 'मी मनस्विनी, या वर्गाची शिक्षिका. मी जबाबदारी घेते. बन्सी, स्पीकर लावून मला फोन कर. मी निघाले आहे.'

त्यानंतर बन्सीचा ना फोन, ना ओळ.

रिक्षात बसून शहर ओलांडेपर्यंत साळूबाई मोबाइलच्या काचेकडं पाहत राहिली. लिहिणं म्हणजे घेणंच की. तोंडानं नाही घेतलं, एवढंच. शंभर माणसांना एकदम सांगितलं. किती कापलं असेल? मनकर्णाबाई तिचा हात धरून होती आणि रिक्षावाल्याला शिव्या घालत होती. "दाब की रं मुडद्या, काय बैलगाडी हाकतोस?" रिक्षावालाही उलटून बोलला नाही. साळूबाईचं तोंड त्यानं आरशात पाहिलं होतं.

चिकलठाण्याच्या पुढं बन्सीचा फोन आला. साळूबाईनं तो मनकर्णाबाईच्या हातात कोंबला आणि कानांवर हात ठेवले.

"जिवंत हायेत," मनकर्णाबाई म्हणाली. मग मोठ्यानं, तिचे हात कानांवरून ओढून काढत, "साळू, जिवंत हायेत! पोलीस आले. घाटी दवाखान्यात न्यायला लागलेत. गाडी मागं फिरव रं!"

बन्सीनं नंतर सारं सांगितलं. रूपाचे बाबा थांबा चुकून अलीकडं उतरले. ऊन लागलं. एका घरापुढं पोर खेळत होतं, त्याला खुणेनं पाणी मागितलं. पोर घाबरून रडलं. बाई बाहेर आली. तिनं मोबाइलवर वाचलेलं होतं सगळं, म्हातारा, पिशवी, पाणी, मुका. तिनं आरडाओरडा केला. बन्सीनं ग्रुपवरच्या ओळी एकेक करून मोठ्यानं वाचल्या तेव्हाही कुणी म्हणालं, असलं काय कुणी बी लिहील. मग बन्सी गर्दीकडं पाठ करून खाली बसला आणि त्यानं हाक मारली, "सांडूभाऊ!" डोक्यावरचे हात पहिल्यांदा खाली आले. त्यांनी वर पाहिलं. ज्याच्या हातात काठी होती तो आधी मागं सरकला. मग बाकीचे. सगळे नाही. पोलीस येईतो मॅडम स्पीकरवरून बोलत राहिल्या आणि बन्सी सांडूभाऊंच्या अंगावर आडवा राहिला. त्याच्याही पाठीवर दोन वळ होते.

रूपानं कॉलनीच्या ग्रुपवर टाकलेलं पुढं कुठं गेलं, हे साळूबाईनं कुणाला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

हात मोडला होता. डोक्याला टाके पडले होते. डॉक्टर म्हणाले, वाचले. साळूबाई खाटेजवळ बसून त्यांच्या छातीकडं पाहायची, वरखाली होतेय की नाही. डोळा लागला की दचकून उठायची.

दुसऱ्या दिवशी वर्गातली माणसं भेटायला आली. बजाजनगरची, करमाडची. कुणी केळी आणली, कुणी डबा. एकमेकांना प्रत्यक्ष पाहत होती, हसत होती, "तुम्ही व्हय ते!" म्हणत होती. सगळी मिळून वॉर्डात शिरली. सांडूंनी पाहिलं. अनोळखी माणसांचा घोळका खाटेकडं येतोय. त्यांनी मोडक्या हातासकट चादर डोक्यावर ओढली आणि भिंतीकडं सरकायला लागला. घशातून तोच आवाज निघाला, फोनमधून आलेला. सलाईनची नळी ताणली गेली.

साळूबाई उठली आणि दोन्ही हात पसरून माणसांपुढं उभी राहिली. ज्यांनी सांडूंना वाचवलं त्यांनाच ती मागं ढकलत होती.

"थांबा. थांबा समदे. भाईर चला." कुणाला राग आला असेल. तिनं पाहिलं नाही. "एकेक या. मी सांगते तसं या."

ती खाटेवर बसली. चादरीवर हात ठेवला. "बन्सी आलाय. काल तुमच्या अंगावर पडला होता तो. पंक्चरचं दुकान हाय त्याचं. येऊ देऊ?"

चादर हलली नाही. बराच वेळ हलली नाही. मग एक डोळा बाहेर आला. बन्सी दारातून एकटा आला, बसला, निघून गेला. मग मॅडम. मग करमाडची म्हातारी. दरवेळी साळूबाई आधी नाव सांगायची, काम सांगायची, मग थांबायची. घाई केली नाही. दुपार त्यातच गेली.

शेवटी व्हरांड्यात धोंडिबा उरला. वॉचमनचा गणवेश तसाच, डोळे तांबारलेले. सकाळपासून तो भिंतीला टेकून उभा होता आणि पुढची पाळी दुसऱ्याला देत होता.

"मी नाय येत आत, वहिनी," तो म्हणाला. "म्या काय तोंड दाखवावं?"

"तुम्ही एकट्यानं नाय पाठवलं," साळूबाई म्हणाली. "म्या बी रूपाला पाठवलं."

धोंडिबा बघत राहिला. हे तिनं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. आता हा आत जाऊन ते बोलला तर? खाटेवरच्या माणसाला कळलं तर? तिला वाटलं, यानं आल्या पावली परत जावं.

आतून चघळलेला आवाज आला. कोण, असं विचारत होता.

साळूबाईनं पदर सावरला. "धोंडिबा हायेत," तिनं आत सांगितलं. "माझ्या मागं बसतात वर्गात." मग धोंडिबाकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, "या. पण चपला भाईर काढा. पायांकडंच बघतात ते आधी."